निवडीचा नियम आणि निवडणाऱ्यांची मर्जी

क्रीडास्पर्धेत न्यायाचे दोन प्रसंग येतात. पहिला मैदानावरचा. तेथे पंच असतो, घड्याळ असते आणि प्रेक्षकांचे हजारो डोळे असतात. चूक झाली तरी ती उघड्यावर होते आणि तिचा बोभाटाही होतो. दुसरा प्रसंग त्याच्या आधीचा. मैदानात उतरावयाचे कोणी, हे ठरविण्याचा. हा निर्णय बहुधा बंद खोलीत चार-पाच जणांच्या बैठकीत होतो आणि बाहेर येते ती केवळ नावांची यादी. यादीत ज्याचे नाव नाही त्याला आपण कोणत्या कारणाने वगळले गेलो हे कोणी सांगत नाही. मैदानावरचा पराभव खेळाडू पचवितो, कारण तो त्याने स्वतः पाहिलेला असतो. दारातूनच परत पाठविले गेल्याचा सल मात्र जन्मभर राहतो.

आपल्याकडे खेळांविषयी जे लिहिले-बोलले जाते ते मुख्यतः पहिल्या प्रसंगाविषयी. दुसऱ्याची चर्चा होते ती कोणी न्यायालयात गेल्यावर, आणि निकाल लागताच ती विरूनही जाते. वस्तुतः पहिला न्याय कितीही चोख असला तरी दुसरा डळमळीत असेल, तर सगळ्या स्पर्धेचेच मोल कमी होते.

या दोहोंतील अंतर किती पडू शकते हे पाहावयाचे, तर आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या एका खेळाचे उदाहरण घेता येईल. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड या देशांत स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत लोकप्रिय आहे. लंबवर्तुळाकार धावमार्ग, त्यावर सैल मातीचा थर, एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, आणि गाडीला ब्रेक नाही. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि शेवटच्यास शून्य. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची अंतिम स्पर्धा १९९४ पर्यंत एकाच दिवशी होत असे. तिची आखणी पाहून गणिताच्या शिक्षकास आनंद व्हावा. सोळा स्वार, वीस शर्यती. प्रत्येकाच्या वाट्याला पाच. प्रत्येक शर्यतीत प्रतिस्पर्धी तीन, म्हणजे पाच शर्यतींत पंधरा. अर्थात उरलेल्या पंधराही जणांशी प्रत्येकाची गाठ नेमकी एकदा पडे. सोपा गट, अवघड गट अशी कुरकुर करण्यास जागाच ठेवलेली नव्हती.

परंतु हे सोळा जण कोणते? येथे गणित संपते आणि वाद सुरू होतो. कोणत्या देशास, कोणत्या विभागास किती जागा द्यावयाच्या, हा त्या काळचा नेहमीचा तंटा होता. बलवान देशांतील स्वार घरच्याच पात्रता फेऱ्यांत एकमेकांना गारद करीत आणि दुबळ्या विभागातील स्वार तुलनेने सहज पुढे येत. १९९५ पासून एका दिवसाऐवजी वर्षभराची ग्रां प्री मालिका आली. तिच्यात मागील वर्षी आघाडीवर राहिलेले काही स्वार आपोआप येतात, काही पात्रता फेरीतून येतात, आणि उरलेल्या जागा संयोजक आपल्या पसंतीने भरतात. या तिसऱ्या वाटेविषयी त्या खेळाच्या चाहत्यांत दर वर्षी खल होतो. दुखापतीमुळे मागे पडलेल्या नामवंताला घ्यावे की पात्रता फेरीत थोडक्यात हुकलेल्या नवख्याला? प्रेक्षक कोणाला पाहावयास येतील, याचा विचार करावा की नाही? हे प्रश्न तेथेही सुटलेले नाहीत.

याच खेळाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे नोंदविण्यासारखा आहे. १९३६ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने त्या दिवशी आपल्या पाचही शर्यती जिंकल्या. तरी तो तिसरा ठरला! कारण आधीच्या फेऱ्यांतील कामगिरीचे अधिक गुण अंतिम गुणांत मिळविण्याचा नियम होता, आणि त्या बेरजेत लायोनेल व्हॅन प्राग व एरिक लँग्टन हे दोघे त्याच्या पुढे गेले. नियम विचित्र होता, असे कोणीही म्हणेल. पण तो आधी ठरलेला होता आणि सोळाही जणांना सारखाच लागू होता. विल्किन्सनने पुढे १९३८ मध्ये अजिंक्यपद मिळविले. युद्धानंतर १९४९ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा तो नियम राहिला नव्हता. वाईट नियम पुढच्या स्पर्धेसाठी बदलता येतो. चालू स्पर्धेत माणूस पाहून नियम वाकविला, तर तो अन्याय दुरुस्त करण्याचा मार्गच उरत नाही. निवडीच्या प्रश्नाचे मर्म या भेदात आहे, असे मला वाटते.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकापासून तो महाराष्ट्राच्या दाराशी उभा आहे. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. तरीही १९५२ च्या हेलसिंकीसाठी त्यांची निवड सहजासहजी झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला आणि कलकत्त्याच्या निरंजन दासला पुढे काढण्यात आले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी ती जिंकली. पुढे प्रवासखर्चाची अडचण आली तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि ती सांगावीच. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. महाराजांनी तक्रार ऐकली हे खाशाबांचे भाग्य. त्यांनी ऐकली नसती तर? फेरकुस्ती मागण्याचा हक्क कोणत्याही नियमात नव्हता. तो एका थोर गृहस्थाच्या न्यायबुद्धीवर अवलंबून होता. हेलसिंकीतही तेच घडले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम असताना, दमछाक करणाऱ्या एका लढतीनंतर खाशाबांना लगेच दुसऱ्या लढतीसाठी बोलाविण्यात आले, आणि त्या नियमावर बोट ठेवून भांडणारा भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. एका ठिकाणी नियम नव्हता पण माणूस भेटला. दुसऱ्या ठिकाणी नियम होता पण त्याचा आधार मागणारा माणूस नव्हता. न्यायाला दोन्ही लागतात.

यानंतर चौसष्ट वर्षांनी, पुन्हा कुस्तीतच आणि पुन्हा महाराष्ट्राच्या मल्लावरून, हा वाद उभा राहिला. मुंबईत वाढलेल्या आणि सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवने सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो वजनी गटात भारतासाठी ऑलिंपिकची जागा, म्हणजेच कोटा, मिळविला. त्याच गटात सुशीलकुमारलाही खेळावयाचे होते. २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक पदके मिळविलेला हा मल्ल. त्याचे म्हणणे असे की जागा देशाची आहे, व्यक्तीची नव्हे. तेव्हा आमच्या दोघांची कुस्ती लावा आणि जिंकेल त्याला रिओला पाठवा. संघटनेचे उत्तर असे की ज्याने जागा मिळविली त्यालाच पाठविण्याची आजवरची प्रथा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये सुशीलकुमारची याचिका फेटाळली.

त्या वेळी महाराष्ट्रात आपण बहुतेकांनी नरसिंगची बाजू घेतली, आणि त्यात आपलेपणाचा भाग मोठा होता. पण क्षणभर नावे बाजूला ठेवली तर दिसते की दोन्ही बाजूंत तथ्य होते. वर्षभर आधीच्या कामगिरीवर जागा मिळविणारा आज तितकाच तयारीत असेलच असे नाही. उलट ज्याने जागा मिळविली त्याला ऐन तोंडावर पुन्हा पणास लावणे म्हणजे त्याच्या कष्टांवर पाणी ओतणे. दोष होता तो या दोन मतांपैकी कोणते ग्राह्य हे आधी स्पष्ट लिहून न ठेवण्यात. प्रथा ही स्मरणावर चालते आणि स्मरण ज्याच्या त्याच्या सोयीचे असते. पुढे नरसिंग उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला. अन्नात कोणी तरी भेसळ केली, असा त्याचा दावा होता. राष्ट्रीय संस्थेने त्याला निर्दोष ठरविले, पण ऑगस्ट २०१६ मध्ये रिओतच आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या गटात भारताच्या वतीने कोणीच खेळले नाही.

याच्या नेमका उलट नियम नेमबाजीत आहे, आणि तोही महाराष्ट्राने जवळून पाहिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवून भारतासाठी पॅरिसची जागा मिळविली. तरी ती त्याच्या नावाची नव्हती. नेमबाजी संघटनेने २०२४ मध्ये दिल्ली व भोपाळ येथे चार निवड चाचण्या घेतल्या. स्वप्नील त्यांतून पुन्हा पुढे आला, पॅरिसला गेला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. मात्र याच प्रकारात २०२३ च्या बाकू येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदकासह जागा मिळविणारा अखिल शेओराण चाचण्यांत मागे पडला आणि घरी राहिला. स्वप्नीलच्या यशाचा आनंद मानताना अखिलचे दुःख विसरून चालणार नाही. तो नियम कठोर होता. पण आधी जाहीर झालेला होता, आणि गोळी कोठे लागली हे यंत्राने दशांशापर्यंत मोजले होते.

कुस्तीचा आणि नेमबाजीचा नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. यांपैकी न्याय्य कोणता? माझ्या मते दोन्हीही न्याय्य असू शकतात. जागा मिळविणाऱ्याची, असे म्हणा किंवा जागा देशाची, असे म्हणा. पण जे म्हणावयाचे ते पहिली स्पर्धा सुरू होण्यापूर्वी म्हणा आणि शेवटपर्यंत पाळा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी बजरंग पुनिया आणि विनेश फोगट या दोन नामांकित मल्लांना निवड चाचणीतून सूट देण्यात आली. अंतिम पंघालसारखी तरुण मल्ल तिच्याविरुद्ध न्यायालयात गेली, पण न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. पुढे विनेश दुखापतीमुळे जाऊ शकली नाही; तिच्या जागी गेलेली अंतिम कांस्यपदक घेऊन आली. बजरंगला पदक मिळाले नाही, आणि त्याच्या गटात चाचणी जिंकलेला विशाल कालीरामण राखीव म्हणून मागे राहिला. निकालावरून निवडीचा न्याय ठरवू नये, हे मला मान्य आहे. बजरंगने सुवर्णपदक आणले असते तरी सूट चुकीचीच ठरली असती. पूर्वीच्या पराक्रमाचा गौरव पुरस्काराने करावा; दुसऱ्याच्या संधीतून तो करू नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सगळेच गुणांत मोजता येत नाही. आपल्या कबड्डीचेच पाहा. चढाईपटूने किती गुण आणले हे कागदावर येते; परंतु कोपरारक्षकाने चढाईपटूला रेषेकडे न जाऊ देता मध्येच अडवून धरले आणि पकड दुसऱ्याच्या नावावर लागली, तर त्याची नोंद कोठे होते? जाणत्या प्रशिक्षकाची नजर अशा वेळी गुणतक्त्यापेक्षा अधिक पाहते. दुखापतीतून उठलेला गुणी खेळाडू, वयाने लहान पण झपाट्याने वाढणारा खेळाडू, यांच्यासाठीही नियमात थोडी मोकळीक हवी. हे सर्व मान्य. पण मोकळीक ठेवावयाची तर तिलाही मर्यादा असावी. बारा जणांच्या संघात किती जागा पसंतीच्या, हे आधी सांगावे आणि ज्याला घेतले त्याला का घेतले हे दोन ओळींत लिहून सही करावी. ज्या पसंतीचे कारण लिहिता येत नाही, ती पसंती नजरेची नसून नात्याची किंवा ओळखीची असण्याचा संभव अधिक.

आता हे सारे रसायनीसारख्या गावात बसून लिहिण्याचे प्रयोजन. ऑलिंपिकच्या गोष्टी आपल्या किती कामाच्या, असे कोणी विचारील. उत्तर असे की निवडीचा प्रश्न दिल्लीत जितका आहे त्याहून अधिक तो येथे आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि त्याच्याभोवती पाताळगंगेच्या काठी हे औद्योगिक गाव वाढले. त्या पिढीतील घरांना स्थिर नोकरी ठाऊक होती. २०१७ मध्ये केंद्र सरकारने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. आजच्या तरुणास कंत्राटी कामापलीकडे पाहावयाचे तर त्याची नजर पोलीस भरतीकडे आणि सरकारी परीक्षांकडे जाते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. म्हणजे खालापूर किंवा कर्जत तालुक्यातील संघातून जिल्ह्याच्या संघात, तेथून विभागाच्या आणि राज्याच्या संघात जाणे ही केवळ हौस राहिलेली नाही. ती चरितार्थाची शिडी झाली आहे. तिच्या पहिल्या पायरीवर कोणाचे नाव लिहिले जाते, यावर पुढे कोणाच्या हाती प्रमाणपत्र येईल हे ठरते. प्रमाणपत्राला असे मोल आले म्हणूनच बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली.

आणि ही पहिली पायरी कोणाच्या हातात आहे? या पानाच्या वाचकांच्या. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय संघ निवडतात ते शिक्षक. प्रवेशिका भरतात ते लिपिक. बाहेर उभे राहून यादीची वाट पाहतात ते विद्यार्थी. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतून येणारी ठाकूर-कातकरी मुले धावण्यात कोणास ऐकणार नाहीत. परंतु चाचणीची तारीख आदल्या दिवशी कळली, तर वाडीवरून तालुक्याला येणार कशी? अलिबागला जाण्याच्या एस.टी.च्या भाड्यासाठी जे मूल मागे राहते, त्याला कोणी वगळलेले नसते. तरी ते वगळले गेलेलेच असते. निवड समितीच्या मनात पाप नसताना अन्याय होतो तो असा. ज्याचे वडील सूचनाफलकाजवळ राहतात त्याला सूचना मिळते, हे काही गुणवत्तेचे लक्षण नव्हे.

तेव्हा मागणी मोठी नाही आणि तिला पैसाही लागत नाही. चाचणीची तारीख आणि निवडीचे निकष निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक शाळेत, आश्रमशाळांसह, लेखी पोहोचावेत. चाचणी संपल्यावर त्याच दिवशी सर्वांचे गुण फलकावर लागावेत. निवडलेल्यांचेच नव्हे, सर्वांचे. पसंतीच्या जागा किती आणि त्यांची कारणे काय, हे यादीखाली लिहावे. निवड समितीतील कोणाचा मुलगा, पुतण्या किंवा खासगी शिकवणीचा विद्यार्थी चाचणीत असेल, तर त्या गृहस्थाने त्या दिवसापुरते बाजूला बसावे. आणि तक्रारीसाठी तीन दिवसांची मुदत असावी, जेणेकरून संघ रवाना होण्यापूर्वी तिचा निकाल लागेल. यांतील एकही गोष्ट अशी नाही की जी मुख्याध्यापकांच्या एका बैठकीत ठरू शकणार नाही.

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला आणि क्रीडाविषयक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली. हे स्वागतार्ह आहे. खाशाबांना महाराज शोधावे लागले, यापुढच्या खाशाबांना निदान एक दार ठाऊक असेल. पण या कायद्याचा रोख राष्ट्रीय पातळीवरच्या संघटनांवर आहे. मोहोपाड्याच्या शाळेतील आठवीचा मुलगा न्यायाधिकरणापुढे जाणार नाही. तो फार तर एकदा सरांना विचारील, आणि नीट उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वर्षी चाचणीला येणार नाही. त्याचे न येणे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण यादीत त्याचे नाव कधी नव्हतेच. त्याने विचारले तर दाखविता येईल असा एक कागद सरांच्या टेबलावर असावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.